माइकवरून वाचलेली घरं

कलाबाई चौधरींची खानावळ पांडेसऱ्यात एका डाइंग मिलच्या मागच्या गल्लीत होती. वर पत्रे, आत दोन मोठ्या चुली, भिंतीला लागून गुंडाळून ठेवलेल्या सतरंज्या. मी १९८८ साली चोपड्याहून सुरतेत आलो, महापालिकेच्या मराठी शाळेत मास्तर म्हणून लागलो आणि लग्न होईपर्यंत तिथंच जेवलो. पंगतीला शेजारी बसणारे बहुतेक मिलवाले, आपल्या खानदेशातलेच. कितीही घासले तरी त्यांच्या नखांतला रंग जात नसे. आज निळा, उद्या गुलाबी.

कलाबाई पारोळा तालुक्यातल्या. चौथीपर्यंत शिकलेल्या. नवरा दगा चौधरी बॉयलरवर कामाला होता. पन्नास-साठ माणसांचं जेवण ही बाई एका मदतनीस बाईच्या साथीनं उरकायची. कोणाचं काम सुटलंय, कोण महिनाभर बसून आहे, हे आम्हाला तिथं कधी कळलं नाही. सगळ्यांच्या ताटात एकाच टोपलीतली भाकरी पडायची आणि कलाबाई कोणाच्या ताटापाशी एक क्षण जास्त थांबत नसत. पोरं त्यांना कलामाय म्हणायची. माझ्याशी त्या पुस्तकातल्यासारखं मराठी बोलायचा प्रयत्न करत. पण मनातलं काही निघालं की अहिराणीच.

दगाभाऊ वारल्यावरही खानावळ तेरा वर्षं चालली. मग २०२२ मध्ये शेजारच्या मिलवाल्याला गोदामासाठी ती जागा हवी झाली. सौदा चांगला झाला. कलाबाई सुरतेतच डिंडोलीत मुलाकडे, भूपेंद्रकडे राहायला आल्या. त्याच वर्षी मी निवृत्त झालो होतो. एके सकाळी त्यांचा निरोप आला, म्हणून गेलो.

"सर, मना मालकना नाववर काहीतरी करनं शे," त्या म्हणाल्या.

नवऱ्याच्या नावानं काय करायचं, याचा त्यांचा विचार पक्का होता. अर्धा पैसा भूपेंद्रचा, अर्ध्यातून मिलमजुरांच्या मुलींचं बारावीनंतरचं शिक्षण. खानावळीत जेवून गेलेली पोरं आता बाप झाली होती. त्यांच्या घरी लग्नाकार्याला कलाबाई जात, तेव्हा दिसायचं की मुलगी हुशार आहे, आणि बारावी झाली की घरात बसून साड्यांवर टिकल्या चिकटवते आहे. ते त्यांना बघवत नव्हतं.

भूपेंद्रनं आधी तोंड वाकडं केलं. मार्केटमध्ये पार्सल बुकिंगचं त्याचं ऑफिस, माणूस व्यवहारी. पण आईचा आग्रह पाहून तोच आम्हाला एका गुजराती वकिलाकडे घेऊन गेला. वकीलसाहेब मोठे सोशिक. "बा, तमे शांतिथी बेसो," म्हणत, आईला बसवावं तसं कलाबाईंना निवांत बसवून त्यांनी सगळं समजावलं. ट्रस्ट नोंदवायचा, चॅरिटी कमिशनरच्या कचेरीत कागद द्यायचे, रक्कम बँकेत मुदतीवर ठेवायची आणि फक्त तिचं व्याज खर्चायचं, म्हणजे निधी कधी आटणार नाही. बाहेरच्या कोणाकडून देणगी घ्यायची नाही, ही अट कलाबाईंनी स्वतः घातली. विश्वस्त तिघं: त्या, भूपेंद्र आणि मी. नाव ठरलं 'कै. दगा चौधरी शिक्षण निधी'. सही करताना कलाबाईंनी आपलं पूर्ण नाव लिहिलं, आणि ते लिहून होईपर्यंत वकीलसाहेब थांबले.

पहिल्या वर्षी पाच मुली निवडल्या. भूपेंद्र म्हणाला, "आई, लोकांना कळायला नको? समाजाचा हॉल आहे, छोटासा कार्यक्रम करू." मलाही ते पटलं. शाळेत मी चौतीस वर्षं सूत्रसंचालन केलेलं. माइक हातात आला की मला बरं वाटतं, हे कबूल करतो.

कार्यक्रम झाला. चौकात फ्लेक्स लागला. त्यावर कलाबाईंचा मोठा फोटो, खाली पाच मुलींचे लहान. स्टेजवर खुर्च्या. कलाबाईंना शाल आणि नारळ. मी माइकवरून एकेकीच्या घरची परिस्थिती दोन वाक्यांत सांगितली. पुठ्ठ्याचा मोठा चेक करून आणला होता, तो एकेका मुलीच्या हातात देऊन फोटो काढले. चाळीस वर्षं लोकांना वाढताना वाकलेली ही बाई त्या दिवशी प्रथमच खुर्चीवर बसली आणि लोक तिच्यासाठी वाकले. घरी रिक्षातून उतरताना त्या माझ्याकडे बघून लहान मुलीसारख्या हसल्या. पुढचे चार-सहा दिवस जो येईल त्याला भूपेंद्रच्या मोबाइलमधले फोटो दाखवायच्या.

यात वाईट काय होतं? त्या वेळी मला काहीच दिसलं नाही.

दुसऱ्या वर्षी अर्ज वाढले. निवड चोख व्हावी म्हणून मी फॉर्म मोठा केला. वडिलांचं काम, आजार, घर स्वतःचं की भाड्याचं, आणि शेवटी चार ओळींची जागा: 'मदतीची गरज का आहे?' मी आणि कलाबाईंनी घरोघर जाऊन बघायचं ठरलं.

त्यात एक अर्ज लखन महाजनच्या मुलीचा होता. लखन लग्नाआधी सहा वर्षं कलाबाईंकडे जेवलेला. पुढे तो कॅलेंडर मशीनवर ऑपरेटर झाला, कापडाला इस्त्रीसारखी तकाकी आणणारं ते मोठ्या रोलरचं यंत्र. चांगला कारागीर म्हणून त्याचं नाव होतं. मुलगी हर्षदा, बारावीला उत्तम मार्क, नर्सिंगला प्रवेश मिळालेला. डिंडोलीतच दोन खोल्यांत राहत होते.

आम्ही गेलो तेव्हा लखननं उठून डाव्या हातानं नमस्कार केला. उजवा हात टॉवेलखाली होता. मग त्यानंच टॉवेल बाजूला केला. चार बोटं नव्हती. अंगठा तेवढा शिल्लक.

"दोन वर्षं झाली, माय," तो म्हणाला. "रोलरमध्ये गेला. आता पलसाण्याला एका युनिटच्या गेटवर बसतो."

कलाबाईंनी तोंडावर पदर धरला. मी फॉर्म काढला आणि लिहायला लागलो. लखनची बायको ज्योती चहा ठेवता ठेवता थांबली.

"सर, ते हाताचं लिहायलाच हवं का?"

"गरजेचं कारण लागतं, वहिनी. त्याशिवाय फॉर्म पुरा होत नाही."

ती लखनकडे बघत राहिली. लखन म्हणाला, "लिहा सर. कलामायपासून काय लपवायचं?"

कलामायपासून, असं तो म्हणाला होता. मी ते ऐकलं आणि लिहीत राहिलो.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल भरला होता. त्या वर्षी सात मुली. मी एकेकीचं नाव पुकारायचो आणि ती पायऱ्या चढून येईपर्यंत फॉर्मवरून तिच्या घरची परिस्थिती वाचायचो. आवाजात चढउतार कसा करायचा, कुठं थांबायचं, हे मला चांगलं येतं. हर्षदाच्या वेळी मी वाचलं: "वडिलांच्या उजव्या हाताची चार बोटं यंत्रात गेली. एकेकाळचा नामांकित ऑपरेटर आज गेटवर वॉचमन आहे. पण या लेकीनं हार मानली नाही." हॉलमध्ये टाळ्या पडल्या. काही बायकांनी डोळे पुसले. मला वाटलं, छान वाचलं गेलं.

हर्षदा पायऱ्यांवर थांबली होती. मागच्या मुलीनं तिला हलकेच पुढं ढकललं, तेव्हा ती वर आली. पुठ्ठ्याचा चेक धरला, फोटो झाला. लखन तिसऱ्या रांगेत बसला होता. मी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

बारा दिवसांनी, रविवारी सकाळी, हर्षदा कलाबाईंच्या घरी आली. मीही तिथंच होतो, मुलींच्या फीच्या पावत्या लावत. ती बसली नाही. दाराजवळ उभी राहूनच म्हणाली, "आजी, पुढच्या वर्षी माझं नाव घेऊ नका."

"का गं? मार्क कमी पडतील असं वाटतं?"

"तसं नाही. मला मदत नको."

कलाबाईंना ते लागलं. त्यांच्या कपाळावर आठी आली. "अख्ख्या डिंडोलीत तुझा फोटो लागला. लोकांच्या पोरी तरसतात. आणि तुला नको?"

"फोटोचं नाही आजी." हर्षदाचा आवाज बारीक झाला, पण तिनं बोलणं सोडलं नाही. "पप्पांनी गावी माझ्या आजीला हाताचं सांगितलं नव्हतं. काकाला माहीत होतं, पण आजीला कोणी कळू दिलं नव्हतं. तिला बीपी आहे. पप्पा दोन वर्षं गावी गेले नाहीत. व्हिडिओ कॉल आला की फोन डाव्या हातात धरून फक्त चेहरा दाखवायचे. हॉलमध्ये कोणीतरी शूटिंग केलं. ते समाजाच्या ग्रुपवर गेलं. गावात शेजारच्या बाईनं आजीला दाखवलं, म्हणाली, बघा तुमच्या नातीचा सत्कार."

भूपेंद्र आतून येता येता दारातच थांबला.

"आजीनं आधी मला पाहिलं," हर्षदा म्हणाली. "खूश झाली. मग सरांचा आवाज ऐकला."

एवढं बोलून ती गेली. माझ्या हातात पावती होती, ती मी कितीतरी वेळ तशीच धरून बसलो. भूपेंद्र म्हणाला, "आई, आपल्याला काय माहीत? आपला हेतू चांगलाच होता." कलाबाई उठून आत गेल्या आणि दार लोटून घेतलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं लखनकडे गेलो. जिना चढताना कलाबाई दोनदा थांबल्या, गुडघ्यांमुळे नव्हे.

दार लखननंच उघडलं. आम्हाला बघताच तो वाकून म्हणाला, "माय, पोरगी लहान आहे. काही बोलली असेल तर माफ करा. मी तिला समजावतो." ज्योतीनं घाईघाईनं सतरंजी अंथरली. ज्यांची माफी मागायला आलो होतो, तेच आमची माफी मागत होते. मला वाटलं, इथून उठून पळावं.

आतल्या खोलीत त्याची आई होती. रुक्मिणीबाई. व्हिडिओ पाहिल्यावर दोन दिवस जेवली नव्हती म्हणून धाकट्या मुलानं तिला बसमध्ये बसवून सुरतेला आणून सोडलं होतं. सत्तरी ओलांडलेली, बारीक, ताठ बाई. ती बाहेर आली आणि लखनच्या शेजारी बसली. त्याचा उजवा हात तिनं स्वतःच्या मांडीवर घेतला, जणू आम्ही तिथं नव्हतोच.

कलाबाई म्हणाल्या, "माय, आमची चूक झाली."

रुक्मिणीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. रागावल्या नाहीत. "सर्वासले माहीत व्हतं," त्या म्हणाल्या. "गावले माहीत पडनं. मालेच नही."

मग त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "तो आवाज तुमचा का?"

"हो," मी म्हणालो.

"चांगलं वाचता तुम्ही."

त्यात टोमणा नव्हता. तेच सोसवेना. चहा आला. लखननं डाव्या हातानं कप उचलून आईला दिला, आणि ती तो हात कसा चालतो ते बघत राहिली. कलाबाईंचा चहा तसाच निवला.

परतताना त्या उड्डाणपुलाखाली एका बंद दुकानाच्या पायरीवर बसल्या. खाली मान घालून म्हणाल्या, "सर, खानावळमा मी कोणले इचारं नही, तुना हात कशाले बांधेल शे. जेवी ले म्हनं, बस. आनि आते...?" मग हळूच म्हणाल्या, "माले ते स्टेज गोड लागनं, सर. माले लाज वाटस."

मला सांगायचं होतं, की कागद मी लिहिला, वाचलाही मीच, तुम्ही फक्त खुर्चीवर बसला होतात. पण तेवढंही धैर्य झालं नाही. रिक्षा थांबवली आणि त्यांना घरी सोडलं.

त्यानंतर जे केलं ते करायला सोपं नव्हतं. आधी तो व्हिडिओ. मी ग्रुपच्या ॲडमिनला फोन केला, त्यानं लगेच काढला. पण तोवर तो किती जणांच्या मोबाइलमध्ये गेला होता, कोणाला ठाऊक. जितकी नावं सापडली तितक्यांना मी स्वतः फोन केले. काही म्हणाले, "सर, त्यात काय एवढं? चांगलंच तर आहे." आदल्या महिन्यात मीही तेच म्हटलं असतं. एकानं तर माझ्या निवेदनाचं कौतुक केलं, आणि मी फोन ठेवून दिला.

मग आम्ही तिघं वकीलसाहेबांकडे बसलो. कलाबाई एकेक गोष्ट सांगत गेल्या आणि मी लिहीत गेलो. यापुढं कार्यक्रम नाही. फ्लेक्स नाही, फोटो नाही. फी थेट कॉलेजात भरायची. फॉर्मवर मार्कलिस्ट आणि प्रवेशाचं पत्र, बाकी काही विचारायचं नाही. भूपेंद्रनं विचारलं, "मग खरी गरज कोणाला ते कसं कळणार? उद्या कोणी सुखवस्तू येईल."

"येऊ दे," कलाबाई म्हणाल्या. "एखादा फसवेल. पण आपण कोणाचं घर उघडं नाही करायचं."

वकीलसाहेबांनी चष्मा काढून पुसला आणि होकारानं मान डोलावली.

राहिलेल्या अकरा मुलींच्या घरी कलाबाई एकेक करून गेल्या. "तुमच्या घरचं मी चारचौघांत वाचू दिलं, मला माफ करा," एवढंच म्हणायच्या. मी बरोबर असायचो. दोन घरी बाया रडल्या. म्हणाल्या, कोणी तरी विचारलं हेच पुष्कळ. एका घरी बापानं दारातूनच 'ठीक आहे' म्हटलं आणि आत बोलावलं नाही. आणि सोनाली नावाच्या मुलीच्या घरी उलटंच झालं. तो पुठ्ठ्याचा चेक हातात धरलेला फोटो त्यांनी मढवून टीव्हीच्या वर लावला होता. तिची आई म्हणाली, "या वर्षी कार्यक्रम नाही? माझ्या धाकटीचा फोटो मग कधी निघणार?" कलाबाई गोंधळल्या. बाहेर आल्यावर मला विचारलं, "हिला काय सांगायचं, सर?"

हर्षदानं मदत घेतली नाही. पहिल्या वर्षाची फी आधीच भरली गेली होती, तेवढीच. पुढं तिनं बँकेतून शिक्षणाचं कर्ज काढलं. कलाबाईंनी ज्योतीकडून निरोप पाठवला, वकीलसाहेबांकडून पत्र पाठवलं, एकदा स्वतः कॉलेजच्या गेटपाशी जाऊन उभ्या राहिल्या. हर्षदा बाहेर आली, पाया पडली, दोन मिनिटं तब्येतीचं विचारलं आणि म्हणाली, "आजी, मला राग नाही. पण ते पैसे घेतले की मला सरांचा आवाज ऐकू येतो." कलाबाईंनी हे मला जसंच्या तसं सांगितलं. लपवलं असतं तर बरं झालं असतं, असं त्या क्षणी वाटलं. मग वाटलं, मला ते ऐकायलाच हवं होतं. त्यानंतर मी कोणाच्या कार्यक्रमात माइक हातात धरलेला नाही. बोलावणं आलं की घसा बसलाय म्हणतो.

रुक्मिणीबाई गावी परतल्या नाहीत. आता लखनकडेच असतात. या गोष्टीतून काही चांगलं निघालंच असेल तर एवढंच, आणि ते आमच्यामुळे झालं असं म्हणायची माझी हिंमत नाही.

निधी चालू आहे. गेल्या तीन वर्षांत ज्या मुली शिकल्या, त्यांची नावं आम्हा तीन माणसांनाच ठाऊक आहेत. त्यातल्या काहींना तर फी कोणी भरली तेही माहीत नाही. कॉलेजनं 'एका ट्रस्टकडून' एवढंच कळवलेलं.

पण लोकांना जे दिसत नाही, ते त्यांच्या लेखी नसतंच. चौकात फ्लेक्स लागेना, हॉल भरेना, तशी डिंडोलीत कुजबुज सुरू झाली. म्हातारीनं निधी बंद केला. पोरानं पैसे धंद्यात घातले. दगाभाऊंच्या नावावर दोन वर्षं मिरवून घेतलं आणि मग गुंडाळलं. हे भूपेंद्रच्या कानावर आलं तेव्हा तो संतापला. पावत्यांची फाइल घेऊन समाजाच्या मंडळाच्या बैठकीत जायला निघाला. कलाबाईंनी त्याला थांबवलं.

"फाइलमध्ये पोरींची नावं आहेत," त्या म्हणाल्या.

गेल्या महिन्यात गोडादऱ्याला एका लग्नात मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. शोभा पाटील नावाची ओळखीची बाई आली, बसली, इकडचं तिकडचं बोलली. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं विचारलं, "कलाबाई, तुमचा तो पोरींचा निधी होता, त्याचं काय झालं हो? बंदच पडला म्हणे?"

आजूबाजूच्या चार बायका वळल्या. मी तोंड उघडणार, तेवढ्यात कलाबाईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला. त्यांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला होता. अठ्ठावन्न वर्षं या शहरात मान वर करून जगलेली बाई, आणि तिच्याबद्दल चारचौघांत हे बोललं जात होतं.

"आमच्याकडून नीट नाही झालं ते," त्या म्हणाल्या.

शोभाबाईंनी 'अरेरे' केलं आणि अक्षता वाटणारी आली तशी पुढं सरकल्या. मी कलाबाईंना विचारलं, "खोटं का बोललात?"

"खोटं कुठं बोलले, सर?" त्या म्हणाल्या. अक्षता मुठीत घेऊन त्या उभ्या राहिल्या, आणि मंगलाष्टका सुरू झाल्या.